भाडेकरूस दिवाळीची भेट : द्यावी का, आणि कोणती?

सेवानिवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा शाखेत जाणे होतेच. मागील वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पासबुक भरून घेण्याच्या रांगेत एका ज्येष्ठ ग्राहकांनी मला एक प्रश्न विचारला. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून त्यांनी दुसरी एक लहानशी सदनिका घेतली असून ती भाड्याने दिलेली आहे. "भाडेकरू सज्जन आहे, भाडे वेळेवर येते. दिवाळीला त्यांच्याकडे काही पाठवावे असे आमच्या सौ.चे म्हणणे. मुलगा म्हणतो, एकदा दिले की दरवर्षी द्यावे लागेल, आणि उद्या जागा रिकामी करून घ्यायची वेळ आली की हाच स्नेह आड येईल. आपले काय मत आहे?" त्यांना उभ्याउभ्या समर्पक उत्तर देणे मला जमले नाही. नोकरीची तीसेक वर्षे मी बदल्यांच्या गावी भाड्याच्या घरांतून काढली आणि आता पुण्यातील एका सदनिकेचा मी स्वतः घरमालक आहे. तरीही विचार करावा लागला, याचेच मला आश्चर्य वाटले.

आपल्या भाषेत देण्याघेण्याचे जे शब्द आहेत, त्यांच्यापासून आरंभ करणे सोयीचे होईल. दिवाळीत मोलकरीण, रखवालदार, पोस्टमन यांना दिली जाते ती पोस्त. भाऊ बहिणीला घालतो ती ओवाळणी. मोठ्याच्या दरबारी नेतात तो नजराणा. शेजाऱ्याकडे जाते ते फराळाचे ताट. पोस्त वरून खाली येते, नजराणा खालून वर जातो, फराळाचे ताट मात्र समपातळीवरून जाते व बहुधा तसेच भरून परत येते. घरमालकाने भाडेकरूस काही द्यावयाचे झाल्यास ते यांपैकी कोणत्या जातीचे असावे, हा खरा प्रश्न आहे. भाडेकरू हा काही मालकाचा नोकर नव्हे. तो जागेच्या वापराचे मोल चुकते करणारा आहे; बँकेच्या भाषेत बोलायचे तर तो ग्राहक आहे. त्याला पोस्त दिल्यासारखे पाकीट हाती ठेवणे म्हणजे नाते चुकीच्या खात्यात जमा करण्यासारखे आहे.

इतिहासात मात्र या व्यवहाराची दिशा बहुतेक वेळा उलटी होती. जमीनदारीच्या काळात बंगालमध्ये ठरलेल्या खंडाखेरीज सण, लग्नकार्य अशा निमित्तांनी कुळांकडून जे जादा वसूल केले जाई त्याला 'अबवाब' म्हणत. १८८५ च्या बंगाल कूळ कायद्याने असे सर्व अबवाब बेकायदा ठरवले. आपल्या कोकणात खोतांच्या कुळांना खंडाशिवाय वेठ आणि निरनिराळ्या निमित्तांच्या भेटी द्याव्या लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. केरळातील रीत अधिक गुंतागुंतीची होती. ओणमच्या आधी कुळे आपल्या जन्मीच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वाड्यावर केळीचे घड व शेतातील इतर जिन्नस घेऊन जात. याला 'ओणक्काळ्च' म्हणत. मालकाकडून त्यांना 'ओणप्पुडव', म्हणजे सणाचे नवे वस्त्र, आणि जेवण मिळे. वरवर पाहता ही देवघेव होती. पण कुळाला ती टाळण्याची मोकळीक नव्हती, कारण जमीन कसण्याचा त्याचा आधार मालकाच्या मर्जीवर होता. १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या तरतुदींनी केरळातील कुळे जमिनीची मालक होऊ लागली आणि त्या केळीच्या घडांमागची सक्ती संपली. जी भेट नाकारता येत नाही ती भेट नसून कर असतो, हे या जुन्या रीतींवरून ध्यानात येते.

मुंबईत तर दुसऱ्या महायुद्धानंतर मालकाकडून भेट मिळण्याचा प्रश्नच जवळजवळ उरला नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडे गोठले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, आणि चाळीचा मालक व चाळकरी यांची गाठ मुख्यतः न्यायालयात पडू लागली. तेथे फराळ कोण कोणाकडे पाठवणार! आज आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध येतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारांशी, आणि अकरा महिन्यांच्या या सहवासातच भेटीचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

आता त्या चिरंजीवांच्या शंकेकडे वळू. भेट दिल्याने भाडेकरूचा हक्क वाढतो का? नाही. जागेवरील हक्क करारातून आणि कायद्यातून निर्माण होतो, मिठाईच्या पेटीतून नव्हे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार असा करार लेखी असणे व तो नोंदवणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज अन्य अनेक राज्यांत चालून जातो, महाराष्ट्रात चालत नाही. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा वेगळा मार्गही हाच कायदा देतो. ज्याचा करार नोंदलेला आहे त्या मालकाने निःशंक मनाने चकल्या पाठवाव्यात. ज्याचा नोंदलेला नाही, त्याला चकल्या न पाठवूनही चिंता राहणारच.

दरवर्षीच्या भेटीची अपेक्षा मात्र निर्माण होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. नोकरीच्या क्षेत्रात सणाच्या देणगीचा पुढे हक्कच झाला. पूजेच्या सुमारास वर्षानुवर्षे दिली जाणारी रक्कम रूढीने देय ठरू शकते, हे तत्त्व न्यायालयांनी स्वीकारले. १९६५ च्या बोनस कायद्यात तर 'पूजा बोनस' हे शब्दच आले होते. पण तेथे एक बाजू श्रम देत होती व दुसरी वेतन. घरमालक व भाडेकरू यांच्यात तसे नाते नाही. एका वर्षी फराळ गेला नाही म्हणून भाडेकरूस दाद मागता येणार नाही. त्याला वाईट वाटेल इतकेच, आणि ते तर शेजाऱ्यालाही वाटते.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या दोन भेटी मी विसरलेलो नाही. कोलकात्यात आम्ही एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. विजयादशमीनंतर खालच्या घरमालकीणबाई नारळ व गुळाचे 'नाडू' घेऊन जिना चढून आल्या. बिजोयाच्या रीतीप्रमाणे लहानांनी मोठ्यांकडे जावयाचे असते, म्हणजे खरे तर आम्हीच खाली जावयास हवे होते. ते आम्हाला ठाऊक नव्हते; त्यांनी तसे दर्शवलेही नाही. पुढे चेन्नईत दिवाळीच्या पहाटे मालकांच्या घरून एका वाटीत काळसर लेह्य आले. सुंठ, मिरी, ओवा, गूळ, तूप असे घालून केलेले ते 'दीपावली मरुंदु' होते, फराळापूर्वी पोटास आधार देणारे औषध. घरी केलेले जे औषध आपल्या मुलांना दिले तेच भाडेकरूच्या मुलांना दिले, यात सर्व काही आले. दोन्ही भेटींची किंमत काढावयाची तर ती दहा-वीस रुपयांहून अधिक नसेल.

तिसरी भेट वेगळी होती. उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या गावी मी शाखेत कर्जविभाग पाहत असे. माझे घरमालक आमच्याच शाखेचे खातेदार होते आणि त्यांच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचे कागद माझ्या टेबलावर होते. धनत्रयोदशीस त्यांच्या मुलाने मिठाईचा डबा आणून दिला. आत काजूकतलीच्या थराखाली मखमली पुडीत चांदीची वाटी होती. आमच्या सौ.ला वाटले, घरमालकांनी भाडेकरूच्या मुलीला कौतुकाने दिली असेल. तसे असेलही. पण ती देणारा घरमालक कोठे संपतो आणि कर्जदार कोठे सुरू होतो, हे मला सांगता येईना. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांना १९७६ पासूनचे वर्तणूक नियम लागू आहेत. प्रासंगिक जेवण वा साधा सामाजिक पाहुणचार ते भेट मानत नाहीत. मात्र कामाचा संबंध असलेल्यांकडून मोठा वा वारंवार पाहुणचार घेण्याचे टाळावे, असे ते सांगतात. रात्री मी वाटी परत घेऊन गेलो. "मिठाई आम्ही खाल्ली, फार उत्तम होती. ही वाटी कागद मार्गी लागल्यावर आणि मी येथून बदलून गेल्यावर पाठवा," असे हसत म्हणालो. ते हसले नाहीत. पुढले सहा महिने जिन्यावरचा दिवा गेला तरी लवकर बदलला जात नसे. कागदांचा निर्णय गुणवत्तेवर झाला. ती वाटी पुढे कधी आली नाही. तरुण सहकाऱ्यांनी बदलीच्या गावी घर घेताना मालक आपल्याच शाखेचा कर्जदार आहे का, एवढे आधी पाहून ठेवावे.

काही मालक वस्तूऐवजी दिवाळीच्या महिन्याचे भाडे कमी करतात. भाडेकरूच्या दृष्टीने ही सर्वांत उपयोगी भेट, परंतु तिची नोंद नीट व्हावी. भाडे १५,००० रुपये असून त्या महिन्यापुरते ७,५०० घेतले असतील, तर पावती ७,५०० चीच द्यावी आणि ही सूट एका महिन्यापुरती असल्याचे दोन ओळींत लिहावे. पूर्ण रकमेची पावती 'आपुलकीने' देणे म्हणजे भाडेकरूस घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी खोटा कागद देणे होय. घरमालकाने हेही लक्षात घ्यावे की घरभाड्याच्या उत्पन्नातून, मालकाने भरलेला पालिकेचा कर वजा जाता, तीस टक्के सरसकट वजावट मिळते. तीत दुरुस्ती, रंग सर्व धरलेले असते. भेटीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. भेट घेणाऱ्याच्या बाजूने पाहता, नात्याबाहेरच्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रोख भेटींची बेरीज ५०,००० रुपयांहून अधिक झाली तर ती सगळी रक्कम करपात्र होते. मिठाईच्या पेटीचा याच्याशी संबंध नाही, हे सांगावयास नकोच.

यापुढचे सांगताना मला थोडा संकोच होतो. पुण्यातील माझ्या सदनिकेत काही वर्षांपूर्वी मूळचे बिहारचे एक तरुण दांपत्य राहत होते. गणपतीच्या सुमारास त्यांनी न्हाणीघराच्या भिंतीत पाणी मुरत असल्याचे कळवले. मी 'बघतो' म्हणालो आणि राहून गेले. दिवाळीस आम्ही उभयता मोठ्या उत्साहाने फराळाचा डबा घेऊन गेलो. त्या मुलीने पाणी दिले, डबा दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "काका, प्लंबर कब आएगा?" भिंतीवरचा ओला डाग तोवर दाराच्या चौकटीपर्यंत आला होता. हातातला लाडू खाणे मला कठीण गेले.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो, पण त्यातील दुरुस्तीची वाटणी पाहण्यासारखी आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाण्याचे पाइप, विजेचे वायरिंग ही कामे मालकाची. नळाचा वायसर बदलणे, मोरी तुंबल्यास साफ करणे यांसारखी कामे भाडेकरूची. दिवाळीपूर्वी रंगसफेदी करून देणारा घरमालक ती भेट म्हणून सांगतो, तेव्हा बरेचदा तो आपले देणेच फेडत असतो. अनामत रकमेचेही तसेच आहे. बेंगळुरू वा चेन्नईत दहा-दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेण्याचा प्रघात राहिला आहे. ती रक्कम मालकाने घरखर्चात मिसळली तर जागा सोडणाऱ्या कुटुंबास तिच्यासाठी महिनोन्महिने फेऱ्या घालाव्या लागतात. कराराच्या मुदतीएवढ्या मुदत ठेवीत ती वेगळी ठेवली, तर किल्ली हाती येईल त्याच दिवशी परत देता येते. त्या ठेवीचे व्याजच हवे तर फराळास पुरेल.

द्यावयाचे ते खाण्याचे असावे, आपल्या घरी केले वा आणले त्यातलेच असावे, आणि शक्यतो दारातच द्यावे. डबा देण्याच्या निमित्ताने खोल्या पाहून घेण्याचा मोह मालकांना होतो. वर उल्लेखिलेला कायदा तर घरात शिरण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना मागतो. भाडेवाढीची गोष्ट त्या दिवशी काढू नये. भाडेकरूचा सण निराळा असेल तर त्याच्या ईदला वा नाताळला आठवण ठेवणे अधिक शोभते. आणि त्याने काही पाठवले नाही, तर त्याचा हिशेब ठेवू नये.

प्लंबर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेला. आमचा डबा छठपूजेनंतर परत आला, तो तुपात तळलेल्या ठेकुआंनी भरून. शाखेतील त्या ज्येष्ठ ग्राहकांना मी हे सारे नंतर फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्याकडे गॅलरीचे दार पावसाळ्यापासून नीट लागत नाही, असे तो मुलगा म्हणत होता खरा. आधी सुताराला फोन करतो, मग सौ.ला शेव पाडायला सांगतो."