जुनी आलिशान मोटार घेताना

फरीदाबादेत जुनी मर्सिडीज वा बीएमडब्ल्यू, विशेषतः डिझेलवर चालणारी, स्वस्त मिळते. याचे कारण यंत्रात शोधण्यापूर्वी पंचांगात शोधावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींसह कायम केला. 2025 साली केवळ वयावरून होणाऱ्या कारवाईला न्यायालयाने आवर घातला खरा, परंतु वर्षअखेर तो दिलासा बीएस-4 व त्यापुढील मोटारींपुरताच उरला. म्हणून तेथेच राहणाऱ्याने पेट्रोल मोटार पाहावी, हे माझे मत. डिझेलची मोटार महाराष्ट्रात आणावयाची, तर ना-हरकत दाखला आणि इकडचा रस्ता-कर हिशेबात धरूनच सौदा तोलावा.

मोटार पाहावयास सकाळी जावे, व ती आदल्या रात्रीपासून बंद ठेवण्यास सांगावे. हवेच्या सस्पेन्शनची मर्सिडीज एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर कोठेतरी हवा गळते आहे. 2007 नंतरच्या काही वर्षांतील बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागील अंगास असते. थंड इंजिन सुरू होताच तिकडून खरखर आली, तर परत फिरावे. ती बदलणे फार खर्चाचे काम आहे.

आणखी एक भय पाण्याचे. जुलै 2023 मध्ये यमुनेने दिल्लीत 208.66 मीटरची पातळी गाठली, आणि फरीदाबादच्या तीरावरही पाणी चढले. पुरात बुडालेली मोटार धुऊन चकचकीत करता येते. तेव्हा आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा व गाळाचा डाग दिसतो का पाहावे. तेवढे आतवर पुसण्याचे कष्ट विक्रेता सहसा घेत नाही.