निळा मका की गुलाबी?

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या मावाना राखीव जंगलात संशोधकांनी व्हर्व्हेट माकडांच्या चार कळपांपुढे मक्याचे दोन-दोन ट्रे मांडले. एकात गुलाबी दाणे, दुसऱ्यात निळे. दोन कळपांसाठी गुलाबी मका कोरफड वापरून कडू केला होता, उरलेल्या दोघांसाठी निळा. कडू रंग माकडांनी लवकरच टाकला.

खरी गंमत काही महिन्यांनी. नवी पिल्लं दाणे खाऊ लागली, तेव्हा कुठलाच मका कडू नव्हता. तरी २७ पैकी २६ पिल्लांनी कळपाच्याच रंगाचा मका खाल्ला. काही तर नाकारलेल्या मक्यावर बसून शेजारचा खात होती!

पिल्लांचं एक वेळ समजू शकतं. पण व्हर्व्हेटचे नर वयात आले की जन्माचा कळप सोडून दुसऱ्यात जातात. असे दहा नर नेमके उलट आवडीच्या कळपात गेले. आधी काय कडू लागलं, हे ते स्वतःच्या जिभेने शिकले होते. तरी एक वगळता सगळ्यांनी नव्या कळपाचा रंग धरला. देश तसा वेश! जो बधला नाही, तो नव्या कळपात सर्वांत वरचढ ठरला होता. त्याला कुणाकडे बघून खायची गरज वाटली नसावी, असा माझा तर्क.

एरिका व्हान द वाल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला. याला आंधळं अनुकरण म्हणून हसू नये. अनोळखी फळ विषारी निघालं तर चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. दुसरा जे खाऊन धडधाकट आहे, ते खाल्लेलं बरं.

मग नवं खाणं कळपात शिरतं कसं? व्हर्व्हेटांवरच्याच पुढच्या एका प्रयोगात त्यांना न सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या. काही कळपांत बाहेरून नुकत्याच आलेल्या नरांनी त्या बिनदिक्कत फोडून खाल्ल्या. मग बाकीची, त्यातही लहानगी, खाणाऱ्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगू लागली. मक्यापुढे मुकाट्याने स्थानिक रीत पाळणारा परका नर शेंगांपुढे गुरू झाला.

वेगही शिकवणाऱ्यावर ठरतो. १९५०च्या दशकात जपानमधल्या मिनो इथल्या माकडांच्या एका कळपात म्होरक्या नराने गहू खाल्ला आणि चार तासांत तो कळपभर रुळला. जपानमधल्याच ताकासाकियामाच्या माकडांत कॅरॅमलची गोडी मात्र पिल्लांना आधी लागली, त्यांच्याकडून आयांना. मोठे नर बराच काळ दूर राहिले. त्यांच्यात पहिले वळले ते पिल्लं सांभाळणारे.