चाक बदलले, ब्रेकचे काय?

वडिलांच्या काळातील लांबच्या प्रवासाची सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस चांगलीच. पण बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये भर पावसात, वाहनांच्या गर्दीत रेल्वेवरच्या पुलाचा उतार उतरताना खरी साथ देतो तो ब्रेकच!

जुन्या २७ इंची रिमचा, टायर बसतो तेथील व्यास ६३० मिलिमीटर. तर आज सहज मिळणाऱ्या ७०० सी रिमचा ६२२. म्हणजे नवी रिम ब्रेकपासून ४ मिलिमीटर दूर जाते. बहुधा ब्रेकची रबरे खाचेत तेवढी खाली सरकवता येतात. खाच संपली, तर लांब भुजांचे ब्रेक घ्यावेत. त्यासाठी ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंतचे सरळ अंतर आधी मोजावे. रबर वर राहिले तर टायर कापते, फार खाली गेले तर रिमवरून निसटून आऱ्यांत अडकते.

आपल्या काळ्या रोडस्टरचे मात्र वेगळे. तिचे रॉडचे ब्रेक रिमला आतल्या बाजूने दाबतात. त्यामुळे कडेवर ब्रेक लागणारी नवी रिम तेथे चालत नाही.

शक्यतो ॲल्युमिनियमची रिम निवडा. ओल्या स्टीलवर सायकल उशिरा थांबते. आधी अंगणात दोन्ही ब्रेक आवळून पाहा. मुलांच्या हाती सायकल द्यायची ती त्यानंतरच.