प्लूटो ते चंद्रयान-3 : विज्ञानाच्या तासाला काय पोचलं?

24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी पिवळी कार्डं उंचावून मतदान केलं आणि प्लूटोचं ग्रहपद गेलं. तो बटुग्रह झाला. 1930 मध्ये क्लाइड टॉम्बॉने शोधल्यापासून शहात्तर वर्षं पाठ होत आलेली नवांची यादी आठांवर आली. पाठ्यपुस्तकं बदलली, ‘सूर्यमालेत ग्रह किती?’ या एका गुणाच्या प्रश्नाचं उत्तर बदललं आणि बहुतेक वर्गांत विषय तिथेच मिटला.

खरं तर सहावी-सातवीच्या मुलांसाठी यात पुष्कळ काही होतं. आदल्याच वर्षी प्लूटोच्याही पलीकडे एरिस सापडला होता आणि तो प्लूटोहून मोठा असावा असं तेव्हा वाटत होतं. मग त्यालाही ग्रह म्हणायचं का? उद्या असे आणखी पन्नास सापडले तर? असा पेच खगोलशास्त्राला नवा नव्हता. 1801 मध्ये सापडलेला सेरेस काही दशकं ग्रहांच्या यादीत होता. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात त्याची भावंडं एकामागून एक सापडत गेली, तेव्हा त्याला यादीतून उतरावं लागलं. म्हणजे प्लूटोचा प्रश्न हा मुळात वर्गीकरणाचा प्रश्न होता. वनस्पती आणि प्राण्यांचं वर्गीकरण याच वयात शिकवलं जातं. वटवाघूळ पक्षी का नाही, यावर जी मुलं हिरिरीने बोलतात, ती प्लूटोवरही तितक्याच हिरिरीने बोलली असती. आणि ज्याचं पद गेलं त्याच्याकडे 19 जानेवारी 2006 रोजीच एक यान निघालं होतं! ‘न्यू होरायझन्स’ सुटलं तेव्हा प्लूटो ग्रह होता; 14 जुलै 2015 रोजी ते त्याच्याजवळून गेलं तेव्हा तो बटुग्रह होता. यानाच्या कामात त्याने काही फरक पडला नाही. नायट्रोजनच्या बर्फाचं हृदयाच्या आकाराचं मैदान त्याने जगाला दाखवलं.

नवा शोध शाळेत उत्तराच्या रूपाने पोचतो आणि तो कसा लागला हे बाहेरच राहतं, हे त्यानंतरच्या वर्षांत वारंवार घडलं. सप्टेंबर 2009 मध्ये चंद्रावर पाणी असल्याची बातमी आली. चंद्रयान-1 वर बसवलेल्या नासाच्या एका उपकरणाने चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाचं पृथक्करण केलं. तीन मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अवरक्त प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी भरला; पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे रेणू नेमका तोच शोषतात. ‘कॅसिनी’ यान 1999 मध्ये चंद्राजवळून गेलं होतं. त्याची जुनी नोंद पुन्हा तपासली, तर तिथेही हीच खूण होती. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेले खडक कोरडे मानले गेले होते, म्हणून इतकी वर्षं त्या दिशेने कुणी नेटाने पाहिलं नव्हतं.

‘चंद्रावर पाणी सापडले’ हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ताबडतोब शिरलं. ते वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर डबकं उभं राहिलं असेल तर त्यात त्याचा काय दोष? त्याच्यासाठी एक सोपं साधन करता येतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक फट पाडावी, आत सीडीचा तुकडा तिरका बसवावा. त्यातून विजेचा जुना बल्ब पाहिला की रंगांचा अखंड पट्टा दिसतो. सीएफएल पाहिला की रंगांच्या सुट्या, ठळक रेषा दिसतात. दोन्ही दिवे नुसत्या डोळ्यांना पांढरेच दिसतात. प्रकाश आपल्या उगमाची खबर बरोबर घेऊन येतो, हे ज्या मुलाने असं पाहिलं आहे, त्याला चंद्रयानाचा शोध समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात.

मुलांना असं करून पाहायला लावण्याचं काम भारतात पूर्वी झालं नव्हतं असं नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, एक प्रयोग सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्था त्यामागे होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल त्यात अग्रभागी होते. कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात पाठ करायच्या व्याख्या नव्हत्या. करून पाहायच्या कृती आणि त्यांवरचे प्रश्न होते. मुलं चौघा-चौघांच्या टोळ्यांत बसत, स्वस्तातल्या साहित्याची पेटी उघडत, निरीक्षणं वहीत मांडत आणि निष्कर्षांवर भांडत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. शिक्षकांची प्रशिक्षणं आणि मासिक बैठका नेमाने होत. पुढे 1978 मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला, 1982 पासून ‘एकलव्य’ने तो सांभाळला. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललेली, सरकारी शाळांत रुजलेली गोष्ट एका आदेशाने थांबली, ही भारतीय विज्ञानशिक्षणातली फार मोठी हानी आहे. प्लूटोची वार्ता चार वर्षांनी आली तेव्हा तिच्यावर वाद घालायची सवय असलेले ते वर्ग उरले नव्हते.

होशंगाबादचा एक धागा मात्र पुण्यात येऊन टिकला. आयआयटी कानपूरचे अभियंता अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते. 1978 मध्ये रजा काढून ते होशंगाबादला गेले आणि आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून काय शिकवता येईल याचा शोध घेऊ लागले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या. तीन काड्यांचा त्रिकोण घट्ट उभा राहतो, चार काड्यांचा चौकोन बोटाच्या धक्क्याने कलतो. कर्णाची एक काडी घातली की तोही ताठ होतो. पुलांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यांत त्रिकोणच का दिसतात, याचं उत्तर मुलाच्या बोटांना आधी कळतं.

पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त 2003 पासून अकरा वर्षं गुप्ता आणि त्यांचे सहकारी अशी खेळणी करत आणि मुलांकडून करवून घेत राहिले. शोधिकेच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. हा सप्तर्षींमधला एक तारा, आणि नावातच पुलंची आठवण. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्या वास्तूला आधार होता. त्याच आवारात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होत. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांच्याकडे स्वाक्षरीसाठी मुलांची झुंबड उडे. ते वहीवर सही करत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत. मे 2025 मध्ये नारळीकर गेले. घराघरांत जपून ठेवलेल्या त्या कार्डांवर सहीच्या वर उत्तर आहे आणि त्याहीआधी एका मुलाने स्वतः विचार करून काढलेला प्रश्न आहे.

2012 च्या जुलैत हिग्ज बोसॉन सापडला. बातमीचा गाजावाजा मोठा झाला, पण बारा वर्षांच्या मुलाने हातात धरावं असं त्यात फारसं नव्हतं.

गुरुत्वीय लहरींचं तसं नव्हतं. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगोच्या दोन यंत्रणांनी एकाच घटनेची थरथर टिपली. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. यंत्रणांच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा होता. असला क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, यावर आयुकात संजीव धुरंधर यांनी खूप आधीपासून काम केलं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये घोषणा झाली, आणि आठवड्याभरात केंद्रीय मंत्रिमंडळाने अशीच यंत्रणा भारतात उभारण्याच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली.

हिंगोलीच्या मुलांना सहसा सांगितलं जातं की आपल्या जिल्ह्यात फार मोठा प्रकल्प येतो आहे. तो अमेरिकेपासून इतक्या दूर कशासाठी, हे मात्र सातवीच्या गणितातून सांगता येतं. ती लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. या लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. दोन ठिकाणांतलं अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. लहर थेट एका टोकाकडून आली असती तर दहा मिलिसेकंद लागले असते, दोघांच्या बरोबर मधून आली असती तर शून्य. सात म्हणजे तिरकी. पण दोनच यंत्रणा असल्या की आकाशात एक लांबलचक पट्टा मिळतो, नेमकी जागा मिळत नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतली ‘व्हर्गो’ ही तिसरी यंत्रणा सुरू होती. तिच्यामुळे आकाशातला शोधायचा तुकडा इतका आक्रसला की जगभरच्या दुर्बिणींना काही तासांत 13 कोटी प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका सापडली. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत तयार होतात, याचा पुरावा त्या प्रकाशात मिळाला. मराठवाड्यातली यंत्रणा उभी राहिली की हे दिशा शोधण्याचं काम आणखी नेमकं होईल. मैदानात डोळे मिटून उभ्या राहिलेल्या मुलांनी टाळीच्या आवाजाची दिशा ओळखायची, आधी दोन्ही कानांनी आणि मग एक कान बंद करून, एवढ्या खेळाने या धड्याची सुरुवात होऊ शकते.

बालभारतीच्या 2018 च्या आठवीच्या पुस्तकात ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा धडा आला आणि कृष्णविवर माध्यमिक शाळेत पोचलं. पुढच्याच वर्षी, 10 एप्रिल 2019 रोजी, एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या सावलीचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं. त्यामागे आठ दुर्बिणी होत्या. माहिती इतकी प्रचंड की ती इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं. हार्डडिस्क विमानाने नेल्या गेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या आणि सारं जग त्यांची वाट पाहत थांबलं. मुलांना चित्राइतकीच ही हकिगतही आवडेल.

मग कोविडची महामारी आली आणि शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च 2020 मध्ये विषाणू वेगळा केला, प्रतिपिंड हा शब्द घराघरांत गेला. मुलांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आधी भाजीसुद्धा धुवायला सांगितलं गेलं. नंतर कळलं की मुख्य धोका हवेतून आहे. शास्त्रज्ञांचं मत बदललं कारण पुरावा बदलला. शाळा उघडल्यावर या अनुभवावर एखादा तास खर्च व्हायला हवा होता. तो अभ्यासक्रम भरून काढण्याच्या घाईत गेला.

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चंद्रयान-3 चा ‘विक्रम’ उतरला आणि असंख्य शाळांनी तो क्षण पडद्यावर पाहिला. टाळ्या वाजल्या, त्या वाजायलाच हव्या होत्या. पण विज्ञानाच्या तासासाठी खरी सामग्री चार दिवसांनी आली. ‘चेस्ट’ नावाच्या उपकरणाने दहा संवेदकांची एक सळई चंद्राच्या मातीत खुपसली होती. तिचा पहिला आलेख इस्रोने 27 ऑगस्टला प्रसिद्ध केला: पृष्ठभागाजवळ तापमान 50 अंश सेल्सिअसच्या वर, आणि अवघ्या आठ सेंटीमीटर खोलीवर उणे 10. वरचं तापमान इतकं असेल असं शास्त्रज्ञांना वाटलं नव्हतं. हवा नाही, कण सुटे, त्यामुळे वरची उष्णता खाली जवळपास जातच नाही.

हा शोध कुठल्याही शाळेच्या अंगणात करता येतो. मार्चच्या दुपारी एक तापमापी, एक खुरपं आणि एक पट्टी पुरते. काच फुटू नये म्हणून आधी काडीने भोक पाडायचं, मग पृष्ठभागावर, दोन, पाच, आठ सेंटीमीटरवर वाचन घ्यायचं. प्रत्येक वेळी पारा स्थिर होईपर्यंत थांबायचं. काळ्या मातीत एक उतार मिळेल, वाळूत दुसरा, ओल्या वाफ्यात तिसरा. कुणाचं वाचन चुकीचं येईल आणि ते का चुकलं यावर वर्ग भांडेल.

एनसीईआरटीने 2024 पासून सहावीला नवं विज्ञानाचं पुस्तक आणलं; त्याला ‘जिज्ञासा’ असं नाव दिलं. महाराष्ट्रातही नव्या धोरणानुसार पुस्तकं बदलत जाणार आहेत. त्या पानांवर विक्रम लँडरचं रंगीत छायाचित्र येईलच. त्याच्या शेजारी ‘चेस्ट’चा आलेख छापावा, आणि खाली तेवढाच कोरा आलेख, दोन्ही अक्ष आखलेला, आपल्या शाळेच्या मातीसाठी मोकळा सोडावा.