विंडोज बदलावी का?

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत हा प्रश्न हमखास निघतो. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. संगणक चालतो, पण सुरक्षेची नेहमीची डागडुजी थांबते. विंडोज १० वरून विंडोज ११ वर जायला पैसे पडत नाहीत; मात्र तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ती नसेल तर बहुधा यंत्रच नवे घ्यावे लागते.

मराठीला असा बदल पूर्वी फळला आहे. विंडोज ९८ च्या काळात मराठी फॉण्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला देवनागरी वेष. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर कविता उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे! विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फॉण्ट आला. 'क' असो वा 'ळ', प्रत्येकाला जगभर चालणारा स्वतःचा क्रमांक मिळाला. तो खर्च वसूल झाला.

आजचा बदल मुख्यतः दाराला कडी लावण्याचा आहे. बँकेचे व्यवहार, ई-मेल त्याच संगणकावर असतील तर तो करावा. केवळ जुन्या फॉण्टमध्ये पाने लावायची असतील, तर इंटरनेट काढून जुने यंत्र खुशाल वापरावे. पण त्यातला मजकूर आजच युनिकोडमध्ये आणा, शुद्धलेखन तपासा, प्रत वेगळी ठेवा. यंत्र दुसरे मिळते. त्यात अडकलेले कुणाचे तरी हयातभराचे लेखन पुन्हा मिळेलच असे नाही.