जुना लॅपटॉप फेकू नका: एसएसडी आणि हार्ड डिस्कची जोडी जमवा

आमच्या घरातला लॅपटॉप २०१८ चा. सकाळी बटण दाबायचं, गॅसवर चहा ठेवायचा, चहा गाळून कप टेबलावर आणला तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंच आहे! लेकीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी त्याने असा काही अंत पाहिला, की नवाच घ्यायचं ठरलं. तेवढ्यात भाचा घरी आला. पाच मिनिटं खुडबुड करून म्हणाला, "मावशी, याचा प्रोसेसर चांगला आहे गं. अडतंय ते हार्ड डिस्कपाशी."

हार्ड डिस्कमध्ये गोल चकत्या असतात. लॅपटॉपच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात आणि एक बारीक टोक त्यांच्यावरून पुढे-मागे सरकत माहिती शोधतं. प्रत्येक फाइल शोधायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल उघडतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच, सगळा कारभार चिपवर. तिला तीच फाइल एक दशांश मिलिसेकंदाच्या आत सापडते.

मग हार्ड डिस्क काढूनच टाकावी का? नाही. रोजचा मिसळणाचा डबा आपण ओट्यावर ठेवतो आणि वर्षाचे गहू कोठीत. तसंच इथेही करायचं. विंडोज आणि रोजची सॉफ्टवेअर एसएसडीवर, फोटो-सिनेमे-जुनी कागदपत्रं हार्ड डिस्कवर. मग २५६ जीबीची छोटी एसएसडीही पुरते आणि मोठ्या एसएसडीचा खर्च वाचतो.

जोडणी कशी करायची, हे लॅपटॉपवर अवलंबून आहे. अनेक मॉडेलमध्ये मदरबोर्डवर एम.२ नावाची रिकामी जागा असते. तिच्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी, बहुधा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब एसएसडी बसते. इथे एक मेख आहे. या पट्ट्या दोन प्रकारच्या, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ सारख्याच, पण एका प्रकारासाठी असलेल्या जागेत दुसरी चालेलच असं नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर बघा आणि मगच पैसे मोजा.

अशी जागा नसेल, पण डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून तिथे कॅडी नावाची चौकट बसवता येते. तिची जाडी ९.५ किंवा १२.७ मिमी असते, आपली कोणती ते मोजून घ्या. नवी एसएसडी मूळ डिस्कच्या जागी लावा आणि जुनी डिस्क कॅडीत, कारण डीव्हीडीच्या जागेची जोडणी काही लॅपटॉपमध्ये मंद असते. दोन्ही सोयी नसतील तर एसएसडी आत, आणि जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बाहेर.

स्क्रू उघडण्याआधी बिटलॉकर सुरू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मी तरी विंडोज नव्याने टाकून घेतलं. जुन्याची नक्कल केली असती, तर सात वर्षांचा कचराही सोबत आला असता. नंतर पिक्चर्स फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग लोकेशन, मग मूव्ह. नवे फोटो आपोआप डी ड्राइव्हवर जाऊ लागतात.

लॅपटॉप फारच जुना असेल, तर मात्र थोडं थांबा. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. एसएसडीने वेग येईल, ही अडचण सुटणार नाही.

आमचं सगळं छान झालं. चहाला आधण यायच्या आत लॅपटॉप तयार! त्या आनंदात मी घरातले सगळे फोटो डी ड्राइव्हवर हलवले. दोन डिस्क आहेत म्हणजे फोटो सुरक्षित, अशी माझी समजूत. पण फोटो दोन ठिकाणी नव्हतेच, फक्त जुन्या डिस्कवर होते. काही महिन्यांनी तिच्यातून टक्-टक् आवाज यायला लागला आणि तिसऱ्या दिवशी डी ड्राइव्ह दिसेनासा झाला.

भाच्याने आधीच सांगितलं होतं, "जुन्या डिस्कची तब्येत तपासून घे." क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं. त्यात 'गुड'ऐवजी पिवळं 'कॉशन' दिसलं, की त्या डिस्कवर काही सोपवायचं नाही. दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही. 'गुड' दिसलं तरी डिस्क कधीच जाणार नाही असं नसतं, म्हणून फोटोंची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर हवीच.

बरेचसे फोटो बहिणीच्या फोनमधून आणि व्हॉट्सअॅपवरून परत मिळाले. आता डी ड्राइव्हवर नवी डिस्क आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढते. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ मात्र कोणाकडेच नव्हता. माहिती परत काढून देण्याच्या खर्चाचा आकडा ऐकून तेव्हा आम्ही गप्प बसलो. ती बंद डिस्क अजून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली आहे. दिवाळीचा बोनस आला की बघू, असं हे म्हणतात.