ताणावरची बाग

डिसेंबर लागला की पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात संत्र्याच्या बागांचं ओलीत बंद होतं. विहिरीला पाणी असो, मोटारीला वीज असो, झाडाला थेंब मिळत नाही. आंबिया बहार धरायचा तर बाग ताणावर सोडावीच लागते. (२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा मध्यप्रदेशाचा, संत्रा मात्र नागपुरीच.)

ताण किती दिवसांचा, ते जमीन ठरवते. हलक्या मुरमाड रानात महिनाभर पुरतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. जाणता बागाईतदार दिवस मोजत बसत नाही, पान बघतो. दुपारी मलूल झालेलं पान सकाळी पुन्हा ताठ दिसलं, तर ताण अजून कच्चा. पानं पिवळसर पडून थोडी गळू लागली की पुरे. हाव धरून आणखी ताणलं, तर फांद्याच वाळतात.

या दिवसांत पानांच्या बगलेतले डोळे गप्प असतात. आतल्या पेशींचं विभाजन थंडावलेलं असतं, पण त्या जिवंत असतात आणि पुन्हा विभागू शकतात. पेशीच्या अशा विसाव्याला शास्त्रज्ञ 'जी-झीरो' म्हणतात. गंमत अशी, की वरून काहीच हलत नसताना थंडी आणि कोरड यांमुळे पानांत फुलोऱ्याचा निरोप तयार होतो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. पुढे पालवी फुटणार की कळी, हे ठरतं ते या काळात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर ताण तुटतो, नवती फुटते आणि बहार फिसकटतो.

पण सगळे डोळे तहानेनं झोपत नाहीत. शेजारच्या वरूड तालुक्यातलं शेंदूरजना घाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध. रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर साल चिरून डोळा भरतात आणि पट्टी गुंडाळतात. इथे पाणी तोडायचा प्रश्नच नाही. डोळा जुळतो, तरी स्वस्थ राहतो, कारण खुंटाच्या शेंड्यातून उतरणारं ऑक्झिन त्याला दाबून ठेवतं. शेंडा छाटला की तो फुटतो.

प्राण्यांतही विसाव्याच्या तऱ्हा वेगळ्या. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तर उरलेल्या निवांत पेशी विभागू लागतात आणि आठवडा-दहा दिवसांत यकृताचं वजन जवळपास भरून निघतं. प्रौढ हृदयाच्या स्नायूपेशींना हे सहसा जमत नाही. त्यांचं थांबणं जवळजवळ कायमचं.

पुन्हा बागेकडे. भारी काळ्या जमिनीत कधीकधी ताण बसतच नाही, ओल सुटत नाही. मग वाढ रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराईड फवारतात. जानेवारीत ताण तोडतानाही पहिलं पाणी हलकंच देतात, भरपूर ओलीत त्यानंतर. फळ तोडणीला यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो.